आणखी किती पुरावे द्यायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी ४३ वर्षांचा असून एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत असत. आई, पत्नी आणि १३ वर्षांचा मुलगा यांच्यासह मी गेली काही वर्षे पुण्यात कोथरूड परिसरातील एका सोसायटीत भाड्याने राहतो. सोसायटीच्या गणेशोत्सवाचा हिशेब मीच ठेवत असे. यंदा वर्गणीची पावती घरी आली, पण हिशेबाची वही आली नाही. जवळच्याच दुसऱ्या सोसायटीत एक फ्लॅट पुनर्विक्रीत मिळत होता. व्यवहार ठरला, टोकन दिले आणि आठवड्याभरात मालकांचा फोन आला की, ‘कमिटीचे म्हणणे पडले, तुमच्या लोकांना नको.’ त्यांनी रक्कम परत केली. दिवसभर इतरांची गृहकर्जे मंजूर करणाऱ्या मला स्वतःचे घर मिळत नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला वर्गात विचारले गेले, ‘काल कोणाच्या बाजूने होतास?’ आई २०१९ पासून आम्हा सगळ्यांचे दाखले एका पिशवीत उशाशी ठेवून झोपते. पत्नी म्हणते, कोंढव्याला जाऊ, तिथे आपल्या लोकांची वस्ती आहे, तिची बहीणही आहे. मला ते हार मानल्यासारखे वाटते. नातेवाईक म्हणतात, एवढे मिसळून काय मिळाले? आणि मुलगा विचारतो, ‘अब्बा, आपण नक्की इथलेच ना?’ मी कोणाला आणि आणखी किती पुरावे द्यायचे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घर, शाळा आणि कोंढवा हे तिन्ही विषय त्याच प्रश्नाशी जोडलेले आहेत. यापुढे तुम्ही कोणालाही एकही पुरावा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपलेपणा कसोटीवर उतरून मिळवायचा असता, तर ती कसोटी या शहरातल्या प्रत्येकाला द्यावी लागली असती. ती ठरावीक आडनावांनाच लावली जाते, यावरूनच तिला कायद्याचा आधार नाही हे उघड होते. मात्र पुरावे देणे थांबवणे आणि गप्प बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांत गल्लत झाली की माणूस ओळखीपाळखीच्या लोकांसमोर वर्षानुवर्षे स्वतःची बाजू मांडत राहतो आणि जिथे खरोखर लेखी अर्ज करायला हवा, तिथे तो करायचा राहून जातो. तुमच्या बाबतीत थोडेसे तसेच झाले आहे, असे पत्र वाचताना मला जाणवले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी पुण्यातच जन्मले आणि वाढले, आणि घर शोधताना माझे आडनाव ऐकून कोणताही एजंट कधी अडखळला नाही. त्यामुळे तुम्ही जे सोसता आहात ते मला अनुभवाने कळते, असा दावा मी करणार नाही.

‘माझ्यातच काही कमी आहे का,’ असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळीओळीत ते आहे. त्याचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या आणि २०२१ मध्ये त्यांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय असल्याचा अतिशय अभिमान वाटतो, असे त्यात ९५ टक्के मुस्लिमांनी सांगितले. त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी, मुस्लिम शेजारी स्वीकारायला आपली तयारी नाही, असे सांगितले. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असे मानणाऱ्यांचे प्रमाणही त्याच पाहणीत ८४ टक्के होते. हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. देशाविषयीच्या प्रेमाची उणीव तुमच्या बाजूला कुठेही दिसत नाही. अडचण आहे ती आदराची भाषा मान्य असूनही जिना सामायिक करायला कचरणाऱ्यांची. ती अडचण तुम्ही अधिक चांगले वागून, अधिक वर्गणी देऊन किंवा अधिक शुद्ध मराठी बोलून सुटणारी नाही, कारण ती तुमच्या वागण्यातून निर्माण झालेलीच नाही.

मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीच्या अभ्यासासाठी २००५ मध्ये नेमलेल्या सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात हेच ओझे नोंदवले होते: मुस्लिमांना एकाच वेळी देशविरोधी ठरवले जाते आणि त्यांचे लाड केले जातात असेही म्हटले जाते. तुमच्यावर तर तिसरे ओझेही आहे. एकीकडे शेजारी विचारतात की तू आमचा कितपत आहेस, आणि दुसरीकडे नातेवाईक विचारतात की तू आमचा कितपत उरला आहेस. दोन्ही बाजूंना समाधानकारक उत्तर देण्याच्या प्रयत्नात भलीभली माणसे थकून गेलेली मी पाहिली आहेत. नातेवाइकांना एवढेच सांगा की मिसळणे हा सौदा नव्हता, त्यामुळे त्यातून काय मिळाले हा हिशेब लागू होत नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब तुम्ही आवडीने ठेवत होता, आणि ते पुरेसे कारण आहे.

आता घराविषयी, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुम्ही बँकेत असूनही हा व्यवहार फोनवरच्या एका वाक्यावर सोडून दिलात. राज्यघटनेचे कलम १५ धर्माच्या आधारावर भेदभावाला मनाई करते, परंतु ते बंधन मुख्यतः शासनावर आहे. खासगी मालकाने आपले घर कोणाला विकावे किंवा भाड्याने द्यावे, याबाबतीत भेदभाव रोखणारा थेट कायदा आपल्याकडे अद्याप नाही, ही कटू वस्तुस्थिती आहे. म्हणून मालक स्वतःच ‘नको’ म्हणाला असता, तर तुमच्या हाती फारसे काही उरले नसते. पण तुमच्या पत्रानुसार मालक तयार होते आणि अडवले ते कमिटीने, आणि इथे चित्र बदलते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अपील करता येते. कलम २२ प्रमाणे नकार सकारण आणि लेखी कळवावा लागतो. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानण्याची तरतूद आहे. शिवाय आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, फ्लॅटच्या हस्तांतरणासाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचे नाही. कर्ज देणाऱ्या बँका ते मागतात हे खरे, आणि त्या एका कागदाच्या जोरावर कमिट्या किती सत्ता गाजवतात, हे माझ्यापेक्षा तुम्ही जास्त जवळून पाहिले असेल.

कोणी तुम्हाला २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवेल, ज्यात अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा केवळ पारशी सभासद घेण्याचा नियम वैध ठरवला गेला. तो निकाल खरा आहे आणि मला व्यक्तिशः तो खटकतो. परंतु तिथे तशी अट संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींतच होती. पुण्यातल्या सर्वसाधारण सोसायटीने आदर्श उपविधी स्वीकारलेले असतात आणि त्यांत अशी अट नसते. कमिटीतल्या चार जणांनी जिन्यात उभ्या उभ्या ठरवलेल्या गोष्टीला उपविधींचा दर्जा येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: मालकांची अजून इच्छा असेल, तर त्यांना भेटा, फोन करू नका. बहुतेक मालकांना व्यवहार पूर्ण करायचा असतो. त्यांना भीती असते ती शेजाऱ्यांच्या नाराजीची आणि कागदपत्रे अडकण्याची. कायदा काय सांगतो हे त्यांना समजले, तर निम्मी भीती जाते. ते तयार झाले, तर साठेखत रीतसर नोंदवा, खरेदीखतानंतर सभासदत्वाचा अर्ज आणि हस्तांतरणाचे नमुने सोसायटीच्या कार्यालयात द्या आणि तारखेसह पोच घ्या. अपिलाची मुदत मर्यादित असते, म्हणून सहकार कायदा जाणणारा वकील सुरुवातीपासून सोबत असू द्या. हे सगळे करताना आवाज चढवण्याची गरज नाही, आणि आपण किती चांगले शेजारी ठरू याचे वर्णन करण्याची तर अजिबात नाही. अर्जात नाव, पत्ता, खरेदीखताचा क्रमांक आणि प्रवेशशुल्क एवढेच असते. अन्य कोणत्याही खरेदीदाराच्या अर्जात जे नसते, ते तुमच्या अर्जातही नसावे.

आईंच्या पिशवीविषयी वाचून मी बराच वेळ थांबले. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा संमत झाला तेव्हा अनेक घरांत असेच दाखले गोळा झाले, आणि त्या भीतीला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांना शांतपणे बसवून कायदा समजावून सांगा. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक आहे, आणि तिथे धर्माचा उल्लेख नाही. तुमच्या वयावरून तुम्ही त्यात थेट येता. तुमच्या मुलाच्या पिढीसाठी आई-वडिलांपैकी किमान एक जण नागरिक असणे आणि दुसरी व्यक्ती बेकायदा स्थलांतरित नसणे ही अट आहे, आणि तीही पूर्ण होते. व्यवहारात आपल्याकडे खरी गडबड होते ती नावांच्या लेखनात: शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे. त्या दुरुस्त्या एकदा बसून करून घ्या, गरज पडल्यास राजपत्रात नोंद करून. हे काम कोणत्याही कुटुंबाने करावे असेच आहे. नंतर ती पिशवी कपाटात ठेवा. मुलाने रोज आजीच्या उशाशी ती पाहू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण आपले या देशात असणे त्या पिशवीवर अवलंबून आहे, अशी त्याची समजूत होईल.

कोंढव्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी पूर्णपणे सहमत नाही. तुम्ही लिहिता की तिथे जाणे म्हणजे हार. पण पत्नी काय काय झेलते, याबद्दल पत्रात एकही ओळ नाही. तुम्ही सकाळी बँकेत जाता आणि तिथे तुमच्या हुद्द्यामुळे तुम्हाला मान आहे. लिफ्टमध्ये संभाषण अचानक थांबणे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी आलेला एखादा विखारी मजकूर आणि त्याखाली उमटलेले ओळखीच्या माणसांचे अंगठे, मुलगा शाळेतून आल्यावर त्याचा चेहरा वाचणे, हे बहुधा त्यांच्या वाट्याला येत असेल. तत्त्वासाठी एखाद्या जागी टिकून राहणे हा निर्णय त्या जागेचा भार सर्वाधिक वाहणाऱ्या व्यक्तीला वगळून घेता येत नाही. आधी त्यांना विचारा, आणि त्या बोलत असताना मध्ये उत्तर देऊ नका.

कोंढवा आज जसा आहे तसा का झाला, हेही लक्षात घ्यायला हवे. भवानी पेठ, नाना पेठ, गंज पेठ आणि कॅम्प भागांतल्या दाटीतून बाहेर पडणारी कुटुंबे गेल्या काही दशकांत तिकडे गेली. काही जागा परवडत होती म्हणून, काही आप्त होते म्हणून, काही १९९२-९३ च्या दंगलींनंतर मनात बसलेल्या धास्तीमुळे आणि बरीचशी अन्यत्र कोणी घर दिले नाही म्हणून. आधी घर नाकारायचे आणि मग ‘ही माणसे वेगळीच राहतात’ असे म्हणायचे, हा अन्याय या शहराने केला आहे आणि तो माझ्यासारख्यांनी उघड मान्य करायला हवा. जून २०१४ मध्ये हडपसरला समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त होऊन उसळलेल्या हिंसाचारात, त्या मजकुराशी काडीचाही संबंध नसलेला एक तरुण आयटी कर्मचारी मारला गेला, आणि त्या खटल्यातील आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. हे ज्यांना विसरता आलेले नाही, त्यांनी आपल्या माणसांजवळ राहावेसे वाटून घेतले, तर त्याला पळपुटेपणा म्हणणे मला शक्य नाही. कोंढवाही पुणेच आहे. तिथला रहिवासीही याच महापालिकेला कर भरतो आणि तिच्याचकडे पाण्याची तक्रार करतो. तुम्ही दोघांनी मिळून तिथे जायचे ठरवलेत, तर मुलाची शाळा आणि त्याचे मित्र तेवढे तुटू देऊ नका. अंतर वाढले तरी निदान दहावीपर्यंत शाळा तीच ठेवता आली तर पाहा. आणि राहायचे ठरवलेत, तर ते कोणाला काही दाखवून देण्यासाठी नसावे, तिथे राहावेसे वाटते म्हणून असावे.

मुलाच्या प्रश्नाला ‘हो, आपण इथलेच’ एवढेच उत्तर द्या, आणि ते देताना घाई करू नका, समर्थनही जोडू नका. सामन्याच्या प्रश्नावर वर्गशिक्षकांना भेटा. विचारणाऱ्या मुलाचे नाव घेऊन शिक्षेची मागणी करण्यापेक्षा, असा प्रश्न वर्गात विचारला जाणे शाळेला मान्य आहे का, हे लेखी विचारा. तेरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांपेक्षा मोठ्याने घोषणा द्याव्यात, अशी शिकवण त्याला घरातून मिळू नये. त्याला क्रिकेट आवडत नसेल, तर सामना न पाहण्याचीही मोकळीक त्याला असली पाहिजे, जशी त्याच्या वर्गातल्या इतर मुलांना आहे.

त्याला इतिहास जरूर सांगा, पण ढाल म्हणून हाती देऊ नका. वीर अब्दुल हमीद यांचे नाव अनेकदा अशा वादात उत्तर म्हणून पुढे केले जाते. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणाऱ्या त्या सैनिकाचा पराक्रम त्याहून फार मोठा आहे. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ पहिला विसावा घेते, तो सोहळा त्याला एकदा दाखवून आणा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी सांगा, ज्यांची गणना मराठी संतपरंपरेत होते. बार्शीच्या शाहीर अमर शेखांविषयी सांगा, ज्यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या. आणि हमीद दलवाईंविषयी आवर्जून सांगा. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढून तोंडी तलाकविरुद्ध आवाज उठवला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांची सगळी मते तुम्हाला पटतीलच असे नाही. मलाही त्यांतील काहींविषयी प्रश्न आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते असे की त्या सात जणी सरकारकडे काहीतरी मागायला गेल्या होत्या, स्वतःच्या समाजाशी भांडत होत्या, आणि यांपैकी कशासाठीही त्यांनी कोणाची परवानगी घेतली नव्हती. तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर. देशाकडे तक्रार करणे, त्याच्यावर रागावणे, त्याच्याकडून अधिक चांगल्याची अपेक्षा धरणे हा नागरिकाचा नेहमीचा व्यवहार आहे. तुमचा मुलगा तो करायला शिकला, तर ‘आपण इथलेच ना’ हा प्रश्न त्याला पुन्हा विचारावा लागणार नाही, अशी मला आशा वाटते.

हिशेबाच्या वहीविषयी: सचिवांना सरळ विचारा की यंदा हिशेब कोणाकडे आहे आणि मागील वर्षाची शिल्लक त्यांच्याकडे रीतसर वर्ग झाली का. तो तुमचा अधिकार आहे, कारण ती शिल्लक तुम्ही सांभाळली होती. कदाचित कोणीतरी ओशाळेल, कदाचित कोणी ओशाळणार नाही. पुढच्या वर्षी बोलावणे आले आणि जावेसे वाटले, तर जा.

हे सदर वाचणाऱ्या इतरांनाही, विशेषतः सोसायट्यांच्या कमिट्यांवर असणाऱ्यांना, मला दोन शब्द सांगायचे आहेत. ‘आम्हाला काही अडचण नाही, पण बाकीच्या सभासदांचे म्हणणे पडले’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित उच्चारलेही असेल. ते बाकीचे सभासद नेमके कोण, हे एकदा सभेत विचारून पाहा. इतिवृत्तात असा ठराव नोंदवायला सहसा कोणी धजावत नाही, कारण कागदावर आला की त्याचा अर्थ सर्वांना दिसतो. एखाद्याने उठून ‘मला हे मान्य नाही, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ एवढे म्हटले, तरी बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो. ग्रुपवर विखारी मजकूर आला की त्याखाली ‘हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे’ असे लिहिणाऱ्या पहिल्या माणसाची वाट कोणीतरी आपल्या घरात बसून पाहत असते. हे काम या पत्रलेखकाचे नाही. ते तुमचे आणि माझे आहे.

तुम्ही मालकांना भेटलात की काय झाले ते मला कळवा. खरेदीखत झाले, तर अर्जाची पोच आणि उपविधींची प्रत जपून ठेवा, आणि कमिटीने लेखी नकार दिला तर त्यातील कारण शब्दशः मला पाठवा. अपिलाविषयी पुढचे त्यावरून लिहीन.

आपली हितचिंतक